मेंटेनन्स न भरणारा शेजारी

सातवीण फुलली की माझं डोकं दुखतं. दिल्लीत ऑक्टोबर सरायला आला की रस्तोरस्ती तो गोडमिट्ट वास सुटतो, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत वर धुराची गोधडी येऊन पडते. आमच्या गुडगावच्या सोसायटीत बिल्डरनं गेटपासून क्लबहाऊसपर्यंत ओळीनं सातविणीच लावल्यात, कारण त्या लवकर वाढतात आणि जाहिरातीच्या फोटोत हिरव्या दिसतात. खालून जाणारी माणसं मास्क खाली करून म्हणतात, "वाह, क्या मौसम है!" ह्या लोकांना काहीही आवडतं.

मला मात्र तो वास आला की त्या वर्षीची दिवाळी आठवते. सई, माझी मुलगी, तेव्हा दहा वर्षांची होती. बाबा गेल्यावर आईला मी अकोल्याहून इकडे आणलं होतं. अकोला नव्हे, अकोले, नगर जिल्ह्यातलं. दिल्लीतल्या मराठी माणसांनाही हे दर वेळी सांगावं लागतं. आणि मागच्या टेकडीवर तो होता.

आमच्या सोसायटीचं नाव इंग्रजीत आहे. त्याचा अर्थ साधारण "डोंगराची कुजबुज" असा होतो. डोंगर म्हणजे मागची अरवली, तिचा उरलासुरला तुकडा. विलायती कीकर म्हणजे आपली वेडी बाभूळ, थोडे धावड्याच्या जातीचे धौ, पळस, आणि मधे खडकांचे पाठीसारखे उंचवटे. ज्यांच्या बाल्कन्या तिकडे उघडतात त्यांनी "जंगल व्ह्यू" म्हणून जास्तीचे पैसे मोजले. जंगल दिसायला पाहिजे, पण त्यात कुणी राहायला नको, अशी ही हौस. गेटवर सोनेरी रंगाचे दोन प्लॅस्टरचे सिंह बसवलेत, एकाचा पंजा चेंडूवर. त्यांच्याबद्दल आजवर एकाही रहिवाशानं तक्रार केलेली नाही.

आईला गुडगाव कधी आवडलं नाही. लिफ्टमध्ये ती डोळे मिटून घ्यायची. हिंदी तिला येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. सगळं मिळून दोन शब्द, "नहीं चाहिए", तेही भाजीवाल्यासाठी. दुपारी मालिका बघायची, त्यातल्या सासवांना शिव्या घालायची, आणि मेट्रो जमिनीखालून का जाते तर उन्हाचा ताप होऊ नये म्हणून, असं तिचं ठाम मत होतं. तिला इथं धरून ठेवणारी गोष्ट एकच होती, संध्याकाळचा फेरा. इमारतींच्या मागून भिंतीलगत एक पायवाट जाते. पलीकडे टेकडी. सईचं बोट धरून ती तिथं चालायची आणि परत आली की तिचा चेहरा गावातल्यासारखा असायचा. "तिकडं वास येतो गं," म्हणायची. कसला, ते सांगायची नाही.

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी त्या दोघी गेल्या. उन्हं कलली होती. समोरच्या सपाट खडकावर तो बसला होता, पुढचे पाय सोडून, ऊन खात. आई थांबली. सईला म्हणाली, "सई, तिकडं बघ. वाघ बसलाय निवांत."

इथं मला थोडं गावाबद्दल सांगावं लागेल. आमच्या डोंगरात पट्ट्यांचा वाघ आईनं जन्मात पाहिला नाही, तिच्या आईनंही नाही. आमच्याकडे वाघ म्हणजे ठिपक्यांचा. पुस्तकात ज्याला बिबट्या म्हणतात, तो आमचा वाघ. आणि संध्याकाळनंतर त्याचं नाव घेत नाहीत. "ते" म्हणायचं, "जनावर" म्हणायचं, फारच लाडात आलं तर "मांजर". नाव घेतलं की त्याला ऐकू जातं, अशी समजूत. आई पुढं कितीदा म्हणाली, शहरात कोण ऐकणार म्हणून तोंडातून निघून गेलं.

ऐकलं सईनं. दिल्लीत वाढलेलं पोर. तिच्या मराठीत तरस नाही, कोल्हा नाही, खोकड नाही. वाघ एकच, पुस्तकातला, पट्ट्यांचा. तिला झुडपाआडून हलणारी शेपटी तेवढी दिसली. ती पळत सुटली ती थेट खाली बाकावर बसलेल्या सहगल आंटींकडे. "आंटी, पीछे बाघ है! आजी ने देखा, बाघ!"

संपलं. व्हॉट्सअॅपवर रात्रीत काय झालं ते मी नाही सांगत. कुणीतरी कुठल्याशा अभयारण्यातला पट्टेदार वाघाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, आपल्या टॉवर सीच्या मागे, आत्ता. टॉवर सीमधल्याच लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. खिडकी उघडून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही, जंगल व्ह्यू असूनसुद्धा.

सकाळी नोएडाहून चॅनेलची गाडी आली. एका मुलानं आईसमोर माइक धरला. "माताजी, बाघ कितना बड़ा था?" सईनं भाषांतर केलं. आई म्हणाली, "वाघ वाघाएवढा असतो. केवढा असणार?" सईनं तेही नेकीनं सांगितलं, "बाघ जितना बड़ा था." दिवसभर तेच वाक्य पडद्यावर फिरत होतं, आणि पहाड़ी माताजी म्हणून आमची आई.

वनखात्याचे दोघे जण आले. त्यांनी भिंतीपलीकडे जाऊन माग पाहिला, चिखलातले ठसे पाहिले आणि परत येऊन शांतपणे सांगितलं की हा तेंदुआ आहे, म्हणजे बिबट्या, वाघ नाही, तुमच्या इमारती नव्हत्या तेव्हापासून त्यांचा इथं वावर आहे, तो आत येत नाही, त्याला राहू द्या. भिंतीवर दिवे लावा, कचरा मागे टाकू नका, मुलांना अंधार पडल्यावर तिकडे सोडू नका. एवढं साधं.

मग क्लबहाऊसमध्ये सभा. मी गेले होते, झक मारली आणि गेले. अध्यक्ष भल्लाजी उभे राहिले. निवृत्त माणूस, पण आवाज अजून ऑफिसातला. "देखिए जी, बाघ हो, तेंदुआ हो, हमें कोई फर्क नहीं पड़ता. मेंटेनन्स हम दे रहे हैं." टाळ्या पडल्या. मला वाटलं हा विनोद आहे. नव्हता. सहगल आंटी उठल्या, बच्चों की सेफ्टी, बच्चों की सेफ्टी असं म्हणत, आणि त्यांच्या खांद्यावर ठिपक्याठिपक्यांची शाल होती, अस्सल बिबट्याच्या छापाची. मी सभागृहभर पाहिलं. कुणालाही हसू येत नव्हतं. तेव्हा मला कळलं की ह्या माणसांकडून काही आशा करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मी बोलले. तो इथं आहे म्हणून कुत्री वर येत नाहीत, डुकरं भिंतीशी येत नाहीत, नीलगायी एका जागी ठाण मांडत नाहीत, असं सगळं माझ्या बऱ्या हिंदीत बोलले. भल्लाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैडम, आप बहुत सेन्सिटिव्ह हैं." पुढचा विषय क्लबहाऊसच्या एसीचा होता.

कुणाची तरी वर ओळख होती. वर ओळख असणं हा दिल्लीचा खरा धर्म. वनखात्याच्या माणसांनी मान खाली घालून पिंजरा लावला, आत बोकड बांधला, आणि तिसऱ्या सकाळी तो आत होता.

सगळी सोसायटी मागे लोटली. ज्यांना त्याची भीती वाटत होती तेच गजांना नाक लावून उभे. लोकांनी पोरांना खांद्यावर घेतलं होतं, फोन वर धरले होते. तो गुरगुरला की मागे सरकायचे आणि हसायचे, आणि पुन्हा पुढे. त्याच्या नाकाचं कातडं गजांवर आपटून सोललं होतं. मला त्या गर्दीची शिसारी आली. आई खिडकीतून पाहत होती. ट्रक गेला तेव्हा ती खिडकीपासून वळली आणि एवढंच म्हणाली, "मी नाव घेतलं." त्या दिवाळीत तिनं फराळाला हात लावला नाही.

तो कुठं नेला, कुणी सांगितलं नाही. मी विचारलं. "शिफ्ट कर दिया," म्हणाले. भाडेकरू असल्यासारखं.

सईला खरं काय झालं ते बऱ्याच दिवसांनी कळलं. शाळेतून येऊन विचारत होती, "आजी, तू वाघ का म्हणालीस? वो तो तेंदुआ था." आई म्हणाली, "बाये, आमच्याकडं त्योच वाघ." सईचा चेहरा असा पडला की मला बघवेना. पोर हुशार आहे, एका वाक्यात तिला सगळा हिशेब कळला. आईनं तिला जवळ घेतलं, "तुझं काय चुकलं गं, मी नाव घेतलं," म्हणाली. दोघी आपापली चूक सोडायला तयार नव्हत्या, आणि ज्यांनी ती खरी केली ते खाली नव्या एसीत बसून पत्ते खेळत होते.

आमच्या गावाच्या शिवेवर वाघोबाचा दगड आहे. शेंदूर लावलेला, त्यावर कुणी जुन्या हातानं कोरलेला, मांजर म्हणावं की वाघ असा एक आकार. बाकी महाराष्ट्र वसुबारसेला गाय पुजतो, आमच्याकडे त्याच दिवशी वाघबारस. गुराखी दूधतांदूळ घेऊन शिवेवर जातात, खीर शिजवतात, त्याला वाढतात. लहानपणी मी विचारलं होतं, तो तर आपली वासरं खातो, मग त्याला खीर कशाला? बाबा म्हणाले होते, तो नसला तर रानडुकरं भात ठेवतील का? गाय आणि वाघ दोघांची बारस एकाच दिवशी आहे, ह्यात मला आजवरच्या सगळ्या सेमिनारांपेक्षा जास्त अक्कल दिसते.

मराठीत धाक म्हणून एक शब्द आहे. सईला तो समजावताना माझी त्रेधा उडते. डर नव्हे. आई म्हणते, घरात वडीलधारं माणूस नुसतं ओसरीवर बसलेलं असलं तरी पोरं सरळ वागतात. टेकडीवरचा तो वर्षाकाठी किती कुत्री खात होता, कुणी मोजलंय? पण तो त्या खडकावर बसायचा, तेवढ्यानं सगळं रान हलतं राहायचं. नीलगायी चरून पुढे सरकायच्या, म्हणून मागच्या धौच्या रोपट्यांना शेंडे यायचे. कुत्री खालच्या रस्त्यावर राहायची. माकडं झाडाच्या वरच्या फांद्यांवर. मोर, लांडोरी, ससे ह्यांना त्याचा त्रास होत असेलच, पण कुत्र्यांच्या टोळीपेक्षा एक वाघ परवडला.

तो गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात कुत्री वर आली. आधी दोनचार, मग टोळ्या. आमच्याच लोकांनी भिंतीवरून मागे फेकलेला कचरा खाऊन माजलेली. त्यांनी नीलगायीचं पाडस फाडलं, सगळ्या टॉवरांच्या डोळ्यांदेखत, भर सकाळी. मोरांचा आवाज कमी झाला, मग बंद झाला. डुकरांनी मागचं लॉन उकरलं. वृक्षारोपणाच्या दिवशी टोप्या घालून, फोटो काढून लावलेली रोपं नीलगायींनी बसल्या बसल्या खाऊन टाकली. माकडं स्वयंपाकघरात. पुन्हा सभा! ह्या वेळी ठरलं की माकडं काळतोंड्या लंगूरला भितात, तर लंगूरचा आवाज काढणारा माणूस ठेवायचा. तो रोज येऊन गच्चीवर हूप हूप करायचा, आणि सोबतीला पुठ्ठ्याचे लंगूर बसवले, पाण्याच्या टाक्यांवर. माकडं महिन्याभरात त्या पुठ्ठ्यांच्या खांद्यावर बसून केळी खायला लागली. खऱ्या वाघाला हाकलून पुठ्ठ्याचा लंगूर पगारी ठेवणारी ही सुशिक्षित जमात. गाढवाला गुळाची चव काय!

कुत्र्यांवरून मात्र सोसायटीत दोन तट पडले. एक बिस्किटं घालणारा, एक काठ्या घेऊन फिरणारा. दोघांचीही एकमेकांविरुद्ध पोलिसात तक्रार. ज्याच्यामुळे हा प्रश्नच नव्हता, त्याचं नाव एकाही तक्रारीत नाही.

आणि मागच्या हिवाळ्यात त्यातल्या एका टोळीनं आईला घेरलं. त्याच पायवाटेवर. पोटरीचा लचका तोडला. गार्ड धावत आला म्हणून निभावलं. सुया घेताना ती रडली नाही, नंतर घरी येऊन रडली. "वाघाच्या रानात जन्म गेला माझा, आणि कुत्र्यानं खाल्लं." त्यानंतर तिनं फेरा बंद केला. दिवसभर मालिका. पाय बरा झाला, पण जिना उतरतानासुद्धा ती दचकायची. ह्या वर्षी गणपती झाले आणि तिनं पिशवी भरून कपाटावर ठेवली. "दिवाळी झाली की मला गावाला सोड, सुमे. इथं भिंतीला भिंत बघून मी मरंल." तिथं घर बंद, शेजार म्हातारा, दवाखाना दूर. मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे काय, ते तिलाही कळतं.

तर परवा वसुबारस. आमच्या मराठी मंडळानं गोशाळेतून गाय आणली होती. नऊवारी नेसलेल्या, गॉगल लावलेल्या बायका लॉबीत. गाय बिचारी गुळगुळीत ग्रॅनाइटवर घसरत होती, आणि सगळ्या तिच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढत होत्या. आईनं मंडळाच्या बाईंना विचारलं, "आन् वाघबारशीचं काय?" बाई गोड हसल्या. "आजी, वसुबारस म्हणायचंय तुम्हाला." दुरुस्त केलं आईला! आई म्हणाली, "व्हय बाई, तसंच." आणि लिफ्टकडे वळली.

वर आलो तर सई बाल्कनीत होती. आता उंचीला माझ्याबरोबर आली आहे. दुर्बीण बाजूला ठेवलेली, ती नुसती ऐकत उभी. मी काही बोलणार तेवढ्यात तिनं हात वर केला. खाली काहीतरी वेगळं होतं, ते काय हे मला लगेच कळेना. मग कळलं. कुत्री भुंकत नव्हती. मागच्या भिंतीशी ती रोज पसरलेली असतात, तिथं एकही नव्हतं. सगळी टोळी पुढच्या गेटला, त्या सोनेरी सिंहांच्या पायाशी दाटीवाटीनं बसलेली, शेपट्या आत. टेकडीवरून नीलगाय एकदा खाकरल्यासारखी ओरडली. धुरातून खडक जेमतेम दिसत होता. त्यावर काही होतं की नव्हतं, मी शपथेवर सांगणार नाही.

सई आईकडे वळली आणि हळूच म्हणाली, "आजी, ते आलंय."

ते. मी तिला हा शब्द शिकवला नव्हता. आईनं कठड्याला धरून बराच वेळ तिकडं पाहिलं. मग स्वयंपाकघरात गेली, वाटीत दूधभात कालवला आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात, टेकडीकडं तोंड करून ठेवला. सईला बजावलं, "दिवा लागल्यावर त्या वाटंला पाऊल टाकायचं न्हाई. तुझ्या मैत्रिणींनी बी न्हाई. कायतरी कारण सांग त्यांला." सई म्हणाली, "सांगितलंय. पीछे साँप निकला है, असं." माझ्या मनात आलं, हे आपण बरोबर करतोय का? मग तो पिंजरा आठवला, आईची पोटरी आठवली, आणि मी गार्डला फोन करून मागचे बंद पडलेले दिवे आजच्या आज लावायला सांगितले. कशासाठी म्हणाला. कुत्र्यांसाठी, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, ऊन चांगलं वर असताना, आईनं स्वतःहून चपला घातल्या. काठी घेतली नाही. आम्ही तिघी लिफ्टनं खाली उतरलो तर दारातच सहगल आंटी, तीच शाल. "सुमन जी, ये सारे कुत्ते आगे क्यों आ गए? हमारी तो गाड़ी नहीं निकल रही. पीछे कुछ है क्या?" आणि मग, कदाचित जुनी आठवण होऊन, त्यांनी थेट आईलाच विचारलं, "माताजी, आपने कुछ देखा?"

मी सईकडे पाहिलं. सई आजीकडे बघत होती. आईला प्रश्न बरोबर कळला होता, त्यासाठी भाषांतराची गरज नव्हती.

"मांजर," आई म्हणाली.

"मांजर?" सहगल आंटी सईकडे वळल्या. "मतलब?"

"बिल्ली, आंटी," सई म्हणाली.

शब्दाला शब्द, बिनचूक. सहगल आंटी "अच्छा, बिल्ली" म्हणत शाल सावरून निघून गेल्या. आईनं सईचं बोट धरलं, आणि दोघी मागच्या वाटेनं चालू लागल्या.